तान्हं मूल असलेल्या आईने पवित्र शास्त्र कसं वाचावं?

नवापूरची_वहिनी

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या महिला मंडळात अडीच-तीन वर्षांच्या आतलं मूल असलेल्या आयांसाठी आठवड्याचं शास्त्रवाचन सुरू करायचं ठरलंय. अडचण अशी, की "रोज पहाटे तासभर एकांतात वाचा" ही जी सवय आपण सगळ्यांना सांगतो, ती या बायकांना जमण्यासारखी नाही. रात्री तीन-चारदा उठणं, सकाळी भाकरी, डबे, धुणं, कपाशीच्या दिवसांत वेचणीला जाणं. सलग दहा मिनिटंही मिळत नाहीत. मग दोन-चार दिवस चुकलं, की अपराधी वाटून त्या वाचनच सोडून देतात.

दुसरं म्हणजे, जे वाचलं त्याचा घरच्या कामाशी संबंध कसा लावायचा? "आई म्हणजे देवाचं प्रेम" एवढं सगळ्याच म्हणतात, पण त्याच्या पुढे कोणाला जाता येत नाही. कोणत्या कामाच्या वेळी कोणता उतारा घ्यावा, किती घ्यावा, कुठे चुकतं, हे जाणकारांनी नेमकं सांगावं.

भुसावळ_संडेस्कूल

सलाम वहिनी. पहिलं काम, "रोज एक अध्याय" हा हिशेब या बायकांसाठी बंद करा. आठवड्याला एकच उतारा, तीन ते सहा ओव्यांचा. सोमवारी तो ज्या अध्यायात आहे तो पूर्ण अध्याय एकदा मोठ्याने वाचायचा किंवा मोबाईलवर ऐकायचा. बहुतेक अध्यायांना पाच-सहा मिनिटं पुरतात. मंगळवारपासून फक्त त्या तीन-सहा ओव्या, रोज त्याच. एखादा दिवस बुडाला तरी काही मागे पडत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तेच वचन असतं. अपराधीपणाचं मूळ तिथेच तुटतं.

उतारा कार्डावर हाताने लिहायचा, जाड स्केचपेनने, बोटाच्या पेराएवढं अक्षर, म्हणजे झोळी हलवताना हातभर अंतरावरून दिसतं. कार्ड चुलीच्या किंवा गॅसच्या वर लावू नका. तेलकट होतं, वाफेने निघतं आणि आठवड्यात वाचेनासं होतं. पिठाच्या डब्याच्या झाकणावर किंवा झोळीच्या दोरीजवळच्या भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीत घालून लावलं की टिकतं. धडगाव-अक्कलकुव्याकडे रेंजचा भरवसा नसतो, तेव्हा ऐकायचे अध्याय रविवारी मंडळीत असतानाच मोबाईलमध्ये उतरवून घ्यावेत.

आता जोडणी. आठवड्याचा उतारा एकाच कामाला बांधायचा. "दिवसभर मनन करा" असं सांगितलं तर काहीच होत नाही. "केर काढताना लूक १५:८ ते १०" (म्हणजे पंधराव्या अध्यायातल्या ८ ते १० ओव्या) असं सांगितलं तर होतं. त्या दृष्टांतातल्या बाईकडे दहा नाणी आहेत, एक हरवलंय. ते नाणं म्हणजे साधारण एका दिवसाची मजुरी. घर बहुधा मातीच्या जमिनीचं, खिडकी लहान, म्हणून ती दिवा लावते आणि झाडून काढते. याच अध्यायात आधी मेंढपाळ आहे, नंतर दोन मुलांचा बाप आहे आणि या दोघांच्या मधे केरसुणी घेतलेली ही बाई. हरवलेल्याला शोधणारा देव कसा आहे ते येशू तिच्याकडे बोट दाखवून सांगतो. घर झाडणाऱ्या बाईला हे कळलं की रोजच्या केराकडे बघण्याची तिची नजर बदलते आणि देवाकडे बघण्याचीही.

मुलाचं दूध तोडण्याच्या महिन्यात स्तोत्र १३१ घ्या. तीनच ओव्या आहेत. त्यात दूध तुटलेलं मूल आईजवळ शांत बसलंय. अंगावर पिणारं मूल मांडीवर आलं की पदराशी झटापट करतं. दूध तुटलेलं मूल आईकडून काही काढून घ्यायला येत नाही, त्याला नुसती आई हवी असते. हा फरक पुस्तकी पंडितापेक्षा आईला लवकर कळतो. मात्र तिथे पोचण्याआधी आठ-दहा दिवस रडारड होते, कडुलिंबाचा पाला नाहीतर कोरफड लावूनही मूल हट्ट सोडत नाही, हेही तिला माहीत असतं. म्हणून या स्तोत्रातली शांती झटापटीनंतरची आहे हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. गटात हेच विचारा: देवाजवळ आपण काय मागायला बसतो, आणि मागणं संपल्यावरही बसतो का?

मुलाचे कपडे शिवताना, उसवून वाढवताना १ शमुवेल २:१८-१९. शमुवेलची आई हन्ना देवाला वाहिलेल्या मुलासाठी दरवर्षी लहानसा झगा शिवून शिलोच्या मंदिरात घेऊन जाते. मूल वर्षातून एकदा दिसणार, म्हणजे माप अंदाजाने घ्यावं लागलं असणार. शास्त्रात अंदाजाचं असं लिहिलेलं नाही, पण कोणतीही शिवणारी बाई ते ताडेल. तिच्या प्रार्थनेची इतकी चर्चा होते, झग्याकडे कोणी फारसं बघत नाही. देवाला मूल वाहिल्यावरही तिचं आईपण सुईदोऱ्यात चालू राहिलं.

शनिवारी मुलांना तोच उतारा दोन मिनिटांत घरच्या बोलीत सांगायचा. अनुवाद ६:७ मध्ये घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांशी बोलत जा असं आहे. वेगळी खोली, वेगळा तास, असं तिथे काहीच नाही.

धुळ्याचा_वाचक

वरच्या ताईंचं म्हणणं मला पटतं, पण एक धोका आहे आणि तो गटात हमखास येतो. काम आधी आणि वचन नंतर, असा उलटा क्रम लागतो. सकाळी दूध उतू गेलं, मग त्यावर वचन शोधायचं, मग "माझा प्याला भरून वाहतो" आठवायचं. अशाने स्तोत्र २३ कळत नाही आणि उतू गेलेल्या दुधालाही काही अर्थ येत नाही. आधी उतारा त्याच्या जागी समजून घ्यावा: कोण बोलतंय, कोणाला, कशाबद्दल. मग तो घरात आणावा.

खमिराचा दृष्टांत घ्या, मत्तय १३:३३. आपल्याकडे तो सांगताना "बाई भाकरीचं पीठ मळते तसं" असं म्हणतात आणि सगळा अर्थ निसटतो, कारण कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीत खमीर नसतंच. पीठ मळलं, थापलं, तव्यावर टाकलं, झालं. दृष्टांतातली बाई आधीच्या आंबलेल्या पिठाचा गोळा नव्या पिठात घालून सगळं पीठ फुगेपर्यंत थांबते. खानदेशी आईला हे समजवायचं असेल तर बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) दिवसांत वाचावं. ज्वारी भिजत घातली की दोन-तीन दिवस बाहेरून काही दिसत नाही, वास मात्र बदलत जातो. मग कांडून, शिजवून, मसाला घालून साडीवर बिबडे घालायचे. आत काम चालू आहे आणि आपण फक्त थांबायचं, हे त्यात हाताला कळतं.

आणि पीठ किती? तीन मापं. म्हणजे ३५ ते ४० लिटर, वजनाने वीस किलोच्या वर. घरातली एका वेळची भाकरी किलोभर पिठात होते. म्हणजे ही रोजची भाकर नव्हे, गावजेवणाचं पीठ आहे. उत्पत्ति १८:६ मध्ये अब्राहाम साराला पाहुण्यांसाठी तेवढंच पीठ मळायला सांगतो. देवाचं राज्य लहानशा, लपलेल्या गोष्टीपासून सुरू होऊन सगळ्या गावाला पुरतं, हा मुद्दा माप कळल्याशिवाय हाती लागत नाही. मात्र मत्तय १६:६ किंवा १ करिंथ ५ मधलं खमीर इथे मिसळू नका. तिथे ते बिघाडाचं चिन्ह आहे. एकाच बैठकीत दोन्ही घेतले की बायका गोंधळतात.

चालायला शिकणाऱ्या मुलाच्या आईसाठी होशेय ११:१ ते ४. देव म्हणतो, मी एफ्राइमला (म्हणजे इस्राएल लोकांना) चालायला शिकवलं, हाताला धरलं, वाकून खाऊ घातलं. पण दुसरी ओवी गाळू नका: जितकी हाक मारली तितके ते दूर पळाले. अंगणात मूल "इकडे ये" म्हटलं की उलट दिशेला धावतं, हे आईला रोजचं. तिथे देवाचं दुःख आणि माया एकत्र आहे. नुसता गोड भाग उचलला तर होशेय उरत नाही. पुढे ८ आणि ९ ओवी वाचल्या तर राग येऊनही टाकून न देणारा देव दिसतो. संयम संपलेल्या संध्याकाळी हे वचन कामी येतं.

सातपुड्याची_ताई

रात्रीच्या वेळेसाठी लिहिते. पहिल्या महिन्यांत बाळ दर दोन-तीन तासांनी पितं. त्या वेळी वाचायला बसू नका, मोबाईलच्या उजेडाने बाळ टक्क जागं होतं. पाठ असलेलं म्हणा. त्यासाठी फार लहान स्तोत्रं निवडा: ११७ दोन ओव्यांचं, १३१ आणि १३४ तीन-तीन ओव्यांची, १२३ चार ओव्यांचं. १३४ तर रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठीच आहे. १२१ मधली चौथी ओवी, इस्राएलचा रक्षक डुलकी घेत नाही आणि झोपत नाही, ही एकटी घेतली तरी पुरते.

लूक ११:५ ते ८ सुद्धा रात्रीचंच आहे. मध्यरात्री मित्र दार वाजवतो आणि आतला म्हणतो, दार लावलंय, मुलं माझ्याजवळ निजलीत. एका खोलीत सगळे ओळीने झोपणाऱ्या घरात हे सांगावं लागत नाही. एकजण उठला की सगळे उठतात. फक्त देव म्हणजे तो कुरकुरणारा घरधनी असं समजू नका. तेराव्या ओवीपर्यंत वाचलं की कळतं, येशू सांगतोय की तोही शेवटी उठतो, मग स्वर्गातला पिता किती अधिक देईल.

आणि जिला झोपेची संधी मिळाली तिने झोपावं. स्तोत्र १२७:२ वाचून निवांत झोपावं.

नवापूरची_वहिनी

फार उपयोगी पडलं, आभारी आहे. आणखी तीन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, नीतिसूत्रे ३१ घ्यायचं का? मातृदिनाला दरवर्षी तेच असतं आणि तरुण आया ते ऐकून खचतात. दोन, लेंटचे (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचे) उपास अंगावर पाजणाऱ्या बाईने करावेत का? तीन, बाळंतपणानंतर एखादी सारखी रडते, तिला "विश्वास कमी पडतोय" असं म्हटलं जातं. तिथे कोणतं वचन द्यावं?

चाळीसगावची_पाळकीण

वहिनी, तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, सविस्तर लिहिते.

नीतिसूत्रे ३१ घ्या, पण पहिल्या ओवीपासून. तो अध्याय लमुवेल राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीचा आहे. म्हणजे सुरुवातीलाच एक आई राजाला सांगते, दारूपासून दूर राहा आणि मुक्यांसाठी, गरिबांसाठी तोंड उघड. आपण थेट दहाव्या ओवीवर उडी मारतो आणि आईचा आवाज गाळून टाकतो. १० ते ३१ ही सद्गुणी स्त्रीवरची कविता २२ ओव्यांची आहे, हिब्रू मुळाक्षरांच्या क्रमाने रचलेली, २२ अक्षरं, २२ ओव्या. सगळ्या आयुष्यातली कर्तबगारी तिने वर्णमालेत बसवलीय. एका दिवसाचं वेळापत्रक म्हणून ती वाचली की बाई खचणारच. सूत कातणं, शेत घेणं, द्राक्षमळा लावणं, व्यापार करणं, हे एका दिवसात किंवा मूल कडेवर असताना होत नाही. शिवाय पंधराव्या ओवीत तिच्या घरी दासी आहेत, हे व्यासपीठावरून कोणी सांगत नाही! आणि शेवटची ओवी बाईला काम वाढवून देत नाही, ती ऐकणाऱ्यांना सांगते की तिच्या हातचं फळ तिला द्या, वेशीत तिची वाखाणणी होऊ द्या. मातृदिनाला ही ओवी पुरुषांकडून वाचून घ्या आणि त्या आठवड्यात घरची भांडी, पाणी भरणं त्यांच्याकडे सोपवा.

नीतिसूत्रे २२:६ सुद्धा सांभाळून. मुलाला त्याच्या मार्गाचं शिक्षण दे, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, हे सूत्र आहे, हमीपत्र नाही. मुलगा व्यसनाला लागलेल्या आईच्या तोंडावर हे वचन फेकणं हा क्रूरपणा आहे.

उपासाचं. पाजणाऱ्या आईने अन्न-पाणी सोडून उपास करू नये. पहिल्या सहा महिन्यांत तिला एरवीपेक्षा रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, त्यानंतरही पाचशेच्या वर. लेंट फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो आणि ईस्टर येईपर्यंत जळगाव-भुसावळकडे पारा चाळीशीवर गेलेला असतो. आईने पाणी तोडलं की आधी तिचंच अंग सुकतं, चक्कर येते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हाळ्यातही वरचं पाणी लागत नाही, आईचं दूधच पुरतं, पण आईने स्वतःसाठी भरपूर पाणी प्यायला हवं. लेंट पाळायचाच तर मोबाईलवरचा वेळ, कोणाबद्दल वाईट बोलणं, किंवा भिशीतल्या पैशाचा एक हिस्सा गरिबासाठी, असं काही सोडावं. यशया ५८:६-७ मधला उपास भुकेल्याला भाकर देण्याचा आहे. आणि पाजणारी आई ते दिवसातून आठ-दहा वेळा करतेच.

आता तिसरं, सगळ्यात काळजीचं. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, चिडचिड होणं खूप जणींना होतं आणि दोन आठवड्यांच्या आत बहुतेक वेळा ओसरतं. दोन आठवडे उलटूनही रडणं थांबत नसेल, बाळ झोपलं तरी हिला झोप येत नसेल, जेवण जात नसेल, बाळाबद्दल काहीच वाटत नसेल, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सिव्हिलला दाखवावं. १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना. तिला एकटं सोडू नका.

वचन द्यायचं तर समजावण्याचं देऊ नका, सोबतीचं द्या. १ शमुवेल १ मध्ये हन्ना रडते, जेवत नाही, आणि याजक एली तिला दारू प्यायलेली समजतो. देवाच्या घरातल्या वडीलधाऱ्याने रडणाऱ्या बाईला चुकीचं ओळखलं, हे शास्त्राने लपवलेलं नाही. १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलिया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला आधी भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, मग पुन्हा खायला देतो. बोलणं नंतर. महिला मंडळाने हाच क्रम धरावा: आधी डबा, मग दोन तास बाळ सांभाळून तिला झोपू देणं, मग डॉक्टर, आणि ती म्हणेल तेव्हा प्रार्थना. यशया ४९:१५ सुद्धा तिला समजुतीने सांगा. पुष्कळजण ते "आई कधी विसरते का?" एवढंच म्हणून थांबतात आणि जिला माया फुटत नाहीये तिच्या मनावर डाग देतात. वचन पुढे म्हणतं की ती विसरलीही, तरी मी तुला विसरणार नाही. आईचं मन आटू शकतं हे देव मान्य करतो आणि तिथे स्वतः उभा राहतो.

एक विनंती माझीही. गटात मूल नसलेल्या, मूल गमावलेल्या बायका असतीलच. त्यांना बाजूला बसवून आईपणाचे पाठ घेऊ नका. यिर्मया ३१:१५ मधली मुलांसाठी रडणारी राहेल सांत्वन करून घ्यायला तयार नाही आणि शास्त्र तिचा आक्रोश तसाच लिहून ठेवतं. मार्क ३:३५ मध्ये येशू देवाच्या इच्छेप्रमाणे वागणारीला आपली आई म्हणतो. ही दोन्ही वाचनं वर्षाच्या क्रमात आधीच लिहून ठेवा, नाहीतर राहून जातात.

नवापूरची_वहिनी

मनापासून आभार, पाळकीणबाई. शेवटचं एकच. गटातल्या निम्म्या जणींना वाचता येत नाही, आणि दिवाळीनंतर बऱ्याच कुटुंबांसह गुजरातेत ऊसतोडीला जातात. त्यांचं वाचन कसं चालू ठेवावं?

भुसावळ_संडेस्कूल

वाचता येणं ही अट कधीच नव्हती. कार्डाऐवजी गोष्ट द्या, आणि गोष्ट अहिराणीत किंवा मावचीत, जिची जी बोली असेल तीत. लांबी इतकी, की एका दमात सांगता यावी. हरवलेल्या नाण्याची अशी: "एक बाई व्हती. तिनाकडे धा शिक्का व्हतात. एक दवडाई गया. मंग तिनी दिवा लाया, घर झाडं..." मग प्रत्येकीने शेजारणीला एकदा सांगायची. तीनदा सांगून झाली की पाठ झालीच. सांगताना काही गळलं किंवा जास्तीचं आलं तर पुढारी बाईने मूळ वचन पुन्हा मोठ्याने वाचावं आणि कुठे फरक पडला ते बायकांनाच शोधू द्यावं. हे गाळू नका, नाहीतर चार महिन्यांत गोष्ट भलतीच होते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांना निघण्याआधी रूथ २ द्या. परक्या गावात, दुसऱ्याच्या शेतात राबणारी बाई आहे. सरवा वेचते, उन्हात थांबते, दुपारी भाजलेलं धान्य मिळतं तर पोटभर खाऊन उरलेलं सासूसाठी बांधून नेते. संध्याकाळी झोडून मोजते तर एफाभर जव, म्हणजे सुमारे २२ लिटर. बवाज मजुरांना सांगतो की तिला त्रास देऊ नका, पेंढ्यांतून मुद्दाम काही काड्या टाकून ठेवा. मालकाने मजूर बाईशी कसं वागावं हे त्यात आहे, आणि ते टोळीतल्या पुरुषांनीही ऐकलं पाहिजे.

एका तळावर दोन-तीन जणी असतील तर एकीला गोष्टींची जबाबदारी द्या. मेमरी कार्डात बारा-पंधरा अध्याय भरून द्या, त्यात रूथचे चारही अध्याय, स्तोत्र १२१, १३१, लूक १५ आणि १ शमुवेल १ व २ हवेतच. आठवड्याला एक, उसाच्या गाडीची वाट बघताना किंवा रात्री पाचटाच्या कोपीत. परत आल्यावर पहिल्या बैठकीत त्यांनाच सांगू द्या, तिथे कोणती गोष्ट कोणत्या कामाला लागली. पुढच्या वर्षीचे उतारे त्यावरून ठरवता येतील.